जुन्या सोन्याच्या खाणपट्ट्यांत सापडणारी पट्ट्याची बक्कलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधायला गेलेल्याला सोन्याआधी खिळे मिळतात, मग शिशाच्या गोळ्या, आणि एखाद्या दिवशी हिरवट पडलेलं पितळी बक्कल. मेलबर्नला मुलाकडे किंवा बहिणीकडे गेलेली मराठी मंडळीही हल्ली बॅलराट-बेंडिगोच्या बाजूला डिटेक्टर भाड्याने घेऊन हिंडतात, त्यामुळे प्रश्न वाढलेत. इथली उत्तरं मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यापुरती आहेत. दुसऱ्या राज्याचा विषय निघतो तिथे तसं म्हटलं आहे.

या भागातच इतकी बक्कलं का निघतात?

माणसं फार आणि थोड्या वर्षांत आली म्हणून. १८५१ च्या जुलैत क्लून्सला आणि ऑगस्टमध्ये बॅलराटला सोनं लागलं. पाठोपाठ कॅसलमेन, बेंडिगो, मेरीबरो, डनॉली हे पट्टे उघडले. व्हिक्टोरियाची लोकसंख्या १८५१ मध्ये जेमतेम ७७ हजार होती, ती १८६१ पर्यंत ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. यातले कितीतरी पुरुष तंबूत राहणारे, रोज खोदणारे. त्यांना ‘डिगर’ म्हणत. ढगळ लोकरी शर्ट, जाड सुती विजार आणि शर्टावरून कमरेला पट्टा, हा त्यांचा ठरलेला वेश, एस. टी. गिल या चित्रकाराच्या त्या काळच्या चित्रांत तो दिसतो. पट्ट्याचं चामडं घामाने आणि चिखलाने कुजायचं, तुटायचं, आणि तुटका पट्टा तिथेच फेकला जायचा. चामडं संपलं, पितळ उरलं. म्हणजे बरीचशी बक्कलं ‘हरवलेली’ नाहीत, टाकून दिलेली आहेत. कुठे शोधायचं हे यावरूनच ठरतं.

माइनर्स राइट काढलं की सापडलेलं बक्कल माझं, बरोबर?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

माइनर्स राइट हा व्हिक्टोरियातला परवाना ऑनलाइन मिळतो आणि दहा वर्षं चालतो. तो हौस म्हणून सोनं आणि इतर खनिजं शोधण्याचा परवाना आहे: हातातली अवजारं वापरून, यंत्राने खोदाई न करता, खड्डे परत बुजवून. सरकारी जमिनीवर चालतो, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर चालतो. राष्ट्रीय उद्यानांत, काही ठरवून दिलेले भाग सोडले तर, चालत नाही. बक्कल हे खनिज नाही. ती जुनी वस्तू आहे आणि तिला वेगळा कायदा लागू होतो.

तो कायदा म्हणजे २०१७ चा हेरिटेज ॲक्ट. ७५ वर्षांपेक्षा जुन्या पुरातत्त्वीय जागांना त्याचं संरक्षण आहे. जागा सरकारी यादीत असो वा नसो, जमीन सरकारी असो वा खासगी. संमतीशिवाय अशी जागा खणणं किंवा तिथून वस्तू उचलणं हा गुन्हा आहे. दगडी धुराड्याचा ढीग, झोपडीचा चौथरा, जुन्या खाणावळीचा पाया, चिनी खाणकऱ्यांच्या वस्तीचे अवशेष, हे सगळं यात येतं. आदिवासी वारसा स्थळांसाठी २००६ चा आणखी एक कायदा आहे आणि तो याहून कडक आहे.

मग व्यवहारात काय करायचं? सरकारी जंगलात सोन्यासाठीच डिटेक्टर फिरवा आणि अवशेष दिसले की तिथून लांब व्हा. मुद्दाम जुन्या वस्तू शोधायच्या असतील तर खासगी शेतजमीन गाठा, मालकाची लेखी परवानगी घ्या, त्यात सापडलेल्या वस्तूची मालकी कोणाची हेही लिहून घ्या, आणि निघण्याआधी व्हिक्टोरियन हेरिटेज डेटाबेसमध्ये ती जागा तपासा. नांगरटीखाली शंभर वर्षं गेलेल्या शेतात, जिथे अवशेष असे उरलेलेच नाहीत, तिथे सुट्या वस्तू मिळतात. खात्री नसेल तर हेरिटेज व्हिक्टोरियाला, म्हणजे राज्याच्या वारसा खात्याला, ईमेल करून विचारावं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात किंवा क्वीन्सलंडमध्ये हेच नियम का?

नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं. पश्चिम ऑस्ट्रेलियातही माइनर्स राइट आहे, पण कालगुर्ली-कूलगार्डीकडची बरीच जमीन खाण कंपन्यांच्या ताब्यात असते आणि तिथे वेगळी परवानगी लागते. क्वीन्सलंडमध्ये फॉसिकिंगचा, म्हणजे हौशी शोधाचा, परवाना लागतो. जाल त्या राज्याच्या खाण खात्याचं आणि वारसा खात्याचं, दोन्ही पानं वाचा. बहुतेक लोक पहिलंच वाचतात.

खाणीच्या तोंडाशी शोधू की आणखी कुठे?

खाणीच्या तोंडाशी सोनं. बक्कल जिथे माणूस राहिला, जेवला, कपडे बदलले, प्यायला आणि भांडला तिथे.

शेतजमिनीवर पुढच्या जागा बघाव्यात. ओढ्याच्या वर पाच-दहा मीटर उंचीवरची कोरडी सपाटी: पुराचं पाणी येणार नाही आणि पाणी आणायला फार चालावं लागणार नाही, तंबू ठोकायला हीच जागा. ओढ्याकडून टेकाडावर जाणारी पायवाट, विशेषतः जिथे ती घळ ओलांडते. जुन्या दुकानाच्या किंवा दारूच्या गुत्त्याच्या आसपासचं मोकळं रान. आणि पडलिंग मशीनचा परिसर. हे मशीन म्हणजे सोनं असलेली चिकणमाती पाण्यात कालवण्यासाठी केलेला गोल चर. मधल्या खांबाला दांडा बांधून घोडा गोल फिरायचा, आपल्याकडे चुन्याच्या घाणीला बैल फिरायचा तसा. १८५४ पासून बेंडिगोकडे ही मशीनं झपाट्याने वाढली. इथे पट्ट्याच्या बक्कलापेक्षा घोड्याच्या साजाची बक्कलं भरपूर मिळतात. मात्र शाबूत चर स्वतःच संरक्षित अवशेष आहे, त्याच्या काठाला हात लावू नका.

जिथे पाण्याच्या झोताने अख्खी टेकडी धुऊन काढली आहे तिथे वेळ घालवू नका. तिथली वरची माती आणि तिच्यातल्या वस्तू केव्हाच वाहून गेल्या.

जागा हेरायला तीन साधनं पुरतात: सरकारचा जिओविक हा ऑनलाइन नकाशा (जुन्या खाणी आणि सोन्याचे पट्टे दिसतात), जमीनमोजणीचे जुने पॅरिश नकाशे, आणि ट्रोव्ह या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची जुनी वर्तमानपत्रं. दारूच्या परवान्यांच्या बातम्यांत गुत्त्याचं नाव आणि घळीचं नाव एकत्र सापडतं. दुपारभर ट्रोव्ह चाळणं हे आठवडाभर रान तुडवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

डिटेक्टर कोणता घ्यावा?

बक्कलासाठी व्हीएलएफ (अतिकमी फ्रीक्वेन्सीच्या) जातीचा, शक्यतो एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सीवर चालणारा. मायनलॅब इक्विनॉक्स किंवा नोक्टा लेजेंड या वर्गातली यंत्रं बरोबर बसतात. धातू कोणता याचा अंदाज आकड्यात देतात आणि कचऱ्यातून वाट काढू देतात.

सोन्यासाठीची पल्स इंडक्शन यंत्रं, उदाहरणार्थ जीपीएक्स ५००० किंवा ६०००, लोहयुक्त जमिनीत फार खोल जातात, पण पितळ आणि लोखंड यांतला फरक भरवशाने सांगत नाहीत. जीपीएक्स ५००० वरचं लोखंड गाळण्याचं बटण डीडी कॉइलवरच चालतं, मोनो कॉइलवर नाही (कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, डीडी आणि मोनो हे तिचे प्रकार), आणि तेही उथळ वस्तूंपुरतंच. वस्तीच्या जागी असं यंत्र नेलं तर दर पावलाला खिळा खणाल. त्यासाठी हजारो डॉलर कशाला?

जमीन मात्र दोन्ही यंत्रांना छळते. कोकणातल्या जांभ्यावर डिटेक्टर चालवून पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. लोह भरलेले दगड स्वतःच आवाज देतात. त्यांना इथे ‘हॉट रॉक’ म्हणतात.

सेटिंग काय ठेवायचं?

आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला त्या मातीशी जुळवून घेणं. धातू नसलेली हातभर जागा शोधून कॉइल वर-खाली पंप करायची, आवाज सपाट होईपर्यंत. मातीचा रंग बदलला की पुन्हा.

सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवायचा मोह आवरा. यंत्र बडबड करायला लागलं की दोन-तीन पायऱ्या उतरवा. शांत यंत्र वीस टक्के कमी ताकदीवरही जास्त शोधतं, कारण तुम्ही ऐकत राहता. रिकव्हरी स्पीड (एका आवाजानंतर यंत्र दुसऱ्यासाठी तयार होण्याचा वेग) जास्त ठेवा म्हणजे खिळ्याशेजारचं पितळ वेगळं ऐकू येईल. कॉइल लहान घ्या: कचरा जास्त तिथे ६ इंची, मोकळ्या शेतात ११ इंची. डिस्क्रिमिनेशनमध्ये, म्हणजे नको ते धातू गाळण्याच्या सोयीत, फक्त लोखंड मागे टाका. मधले आकडे कधीही बंद करू नका, कारण पातळ पत्र्याचं बक्कल आणि कॅनची ॲल्युमिनियमची कडी एकाच पट्ट्यात बोलतात. कड्या खणायचा कंटाळा आला की बक्कलंही जातात.

बक्कलाचा आकडा किती येतो?

ठरलेला नाही. इक्विनॉक्स ८०० वर, जिथे मापन उणे ९ ते ४० असतं, लहान पत्र्याचं बक्कल पंधराच्या आसपास आणि जाड ओतीव पितळ पंचविशीच्या पुढे येऊ शकतं. अर्धं तुटलेलं असेल, लोखंडी काटा अजून चिकटलेला असेल किंवा उभं पुरलेलं असेल तर आकडा नाचतो.

आकड्यापेक्षा दोन चाचण्या कामाच्या. पहिली, नव्वद अंशात फिरून पुन्हा झाडा, म्हणजे कॉइल जमिनीवरून फिरवा. बक्कलाचा आवाज दोन्ही दिशांनी जवळपास सारखा राहतो. खिळ्याचा एका दिशेने गोड आणि दुसऱ्या दिशेने तुटक येतो. दुसरी, कॉइल सावकाश वर उचला. बक्कलाचा आवाज थोड्याच उंचीवर मरतो. तसाच चालू राहिला तर खाली चेपलेला डबा किंवा पत्रा आहे.

मग खणल्यावर बहुतेक वेळा काय निघतं?

बुटाच्या तळव्याचे खिळे. चौकोनी हातघडणीचे खिळे. सार्डिनच्या डब्याचे पत्रे. जुन्या डब्यांच्या जोडावरचे शिशाचे थेंब, जे सोन्यासारखेच बोलतात. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, .२२ ची रिकामी काडतुसं. चहाच्या पेट्यांना आतून लावलेला शिशाचा पातळ पत्रा, चुरगळलेला. चिनी वस्ती जवळ असेल तर पितळेचे अफूचे चौकोनी डबे आणि मध्ये चौकोनी भोक असलेली नाणी. अफूच्या डब्याचा फाटलेला कोपरा बक्कलाच्या तुकड्यासारखा दिसतो. पत्रा नखाने वाकला तर तो डबाच.

जिवंत काडतूस किंवा सुरुंगाची दारू, डिटोनेटर वगैरे दिसलं तर हात न लावता जागा खूण करून पोलिसांना कळवायचं. हाड माणसाचं वाटलं तरी तसंच.

किती खोल असतं?

बहुतेक ५ ते २० सेंटिमीटर. पालापाचोळ्याखाली माती फार हळू साचते इथे. नांगरलेल्या शेतात नांगराच्या तळापर्यंत कुठेही.

खोदायचं कसं म्हणजे ते मोडणार नाही?

बक्कलांवरच्या ताज्या चकाकत्या जखमा कुदळीनेच झालेल्या असतात. क्रम असा ठेवा.

कॉइल अधिक चिन्हासारखी दोन दिशांनी फिरवून मध्यबिंदू पक्का करा. बुटाने वरचा पाला बाजूला सारा आणि पुन्हा झाडा; आवाज सरकला असेल तर वस्तू पाल्यातच आहे, खणायची गरज नाही. नसेल तर मध्यबिंदूपासून १० सेंटिमीटर बाहेर कुदळ मारा, वरून नव्हे, कडेने आत जा. ढेकूळ एका तुकड्यात उचलून उलटा. पिनपॉइंटरने (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) आधी ढेकूळ तपासा, मग खड्डा. वस्तू दिसली की कुदळ खाली ठेवायची. पुढचं काम बोटांनी आणि बांबूच्या काडीने.

कुदळीच्या पाठीला एक जोरदार चुंबक चिकटवून ठेवा. खिळे त्याला चिकटतात आणि निम्मा वेळ वाचतो.

खड्ड्यातून एक भाग निघाला की थांबू नका. त्या काळची पुष्कळ बक्कलं दोन तुकड्यांची असतात. दोन मीटरच्या वर्तुळात बारीक झाडून घ्या, कडी किंवा अडकवायचा हूक जवळच असण्याची शक्यता असते. नंतर खड्डा बुजवा, पाला परत पसरा. उघडा खड्डा टाकून जाणं परवान्याच्या अटीविरुद्ध आहे, आणि मेंढीचा पाय मोडला तर मालक पुढच्या कोणालाच आत घेत नाही.

हाती आलेलं बक्कल नक्की कशाचं, हे कसं ओळखायचं?

आधी माप घ्या. पट्टा ओवायच्या फटीची आतली रुंदी सगळ्यात जास्त सांगते.

*सापाचं बक्कल.* मधे इंग्रजी ‘एस’ आकाराचा साप, दोन बाजूंना दोन कड्या किंवा चकत्या. ब्रिटनमध्ये बनलेलं, डिगरांमध्ये अतिशय लोकप्रिय. पण हाच नमुना विसाव्या शतकात शाळकरी मुलांच्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांवरही होता, त्यामुळे साप दिसला की १८५० चं दशक असं धरून चालू नका. जुना साप जाड पितळेचा, खवल्यांच्या रेषा खोल, मागची बाजू कानशीने घासलेली. नवा हलका, राखाडी मिश्रधातूचा, त्यावर पितळी रंगाचा मुलामा, आणि तो सोलतो.

*चित्राचं बक्कल.* दोन भागांचं, एकात एक अडकणारं. यावर कुदळ-फावडं घेतलेले डिगर, कांगारू आणि एमू, क्रिकेट खेळणारे, नांगर अशी चित्रं. यालाच लोक ‘गोल्डफील्ड्स बक्कल’ म्हणतात आणि संग्राहक यामागे असतात. काही पातळ पत्र्यावर ठसा दाबून केलेली, काही ओतीव. ठशाच्या पत्र्यात चित्र मागून उलटं, खोलगट दिसतं. ओतीवात मागची बाजू सपाट किंवा खडबडीत असते.

*लष्करी.* बॅलराटला १८५४ मध्ये १२वी आणि ४०वी रेजिमेंट होती. ३ डिसेंबरच्या युरेका स्टॉकेडच्या चकमकीत (डिगरांच्या सरकारविरुद्धच्या उठावात) याच तुकड्या होत्या. पण रेजिमेंटच्या आकड्याची पाटी मिळाली म्हणून युरेकाचंच असं म्हणू नका. सैनिकांचं जुनं सामान दुकानांत विकलं जायचं.

*विजारीच्या किंवा वेस्टकोटच्या मागचं.* दोन-अडीच सेंटिमीटरचं, दोन-तीन टोकदार काटे असलेलं. कधी ‘पॅरिस’ तर कधी ‘सॉलिड’ अशी अक्षरं असतात. पॅरिसहून कोणी उमराव आला होता असं नव्हे, तो फॅशनचा शिक्का होता. संख्येने हीच सर्वांत जास्त मिळतात.

*घोड्याच्या साजाचं.* जाड, अलंकार नाही, एका बाजूला फिरणारी नळी, काटा लोखंडी. ओळख न पटणारी बरीच बक्कलं शेवटी याच गटात जातात.

वर्ष सांगता येतं का?

क्वचित, पण येतं तेव्हा नेमकं येतं. मागच्या बाजूला शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक चौकट, मधे ‘आर’ आणि ‘डी’ असे दिसले तर तो ब्रिटनमधला नमुन्याच्या नोंदणीचा शिक्का. १८४२ ते १८८३ हा त्याचा काळ. वरच्या वर्तुळातला रोमन एक म्हणजे धातूचा वर्ग. १८४२ ते १८६७ या काळात त्याखालच्या वरच्या कोपऱ्यात वर्षाचं अक्षर असतं. अक्षरं क्रमाने नाहीत: १८५१ साठी पी, १८५२ साठी डी, १८५३ साठी वाय, १८५४ साठी जे, १८५५ साठी ई. डाव्या कोपऱ्यात महिना, उजव्या कोपऱ्यात तारीख. १८६८ पासून वर्ष उजव्या कोपऱ्यात गेलं आणि तारीख वर आली. ही अदलाबदल विसरली की वीस वर्षांचा घोळ होतो. १८८४ पासून चौकट जाऊन नुसता नोंदणी क्रमांक आला.

शिक्का वाचायला घासू नका. टॉर्च अगदी आडवी धरा आणि मोबाइलने चार दिशांनी फोटो काढा. अक्षरं सावलीत उठून दिसतात. आणि ही तारीख नमुना नोंदवल्याची आहे. बक्कल त्यानंतर कित्येक वर्षं बनत राहिलेलं असू शकतं.

शिक्का नसेल तर ‘एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

नकली बक्कलं असतात का?

जमिनीतून स्वतः काढलेलं असेल तर प्रश्न फारसा येत नाही. विकत घेताना येतो. ‘टिफनी’ आणि ‘वेल्स फार्गो’ अशी नावं कोरलेली, कॅलिफोर्नियाच्या १८४८ नंतरच्या सोन्याच्या धांदलीतली म्हणून खपवली जाणारी भारी पितळी बक्कलं १९६० च्या दशकापासून बनत आली आहेत. तसा मूळ नमुना कधी नव्हताच. मागच्या बाजूला फार सविस्तर कंपनीचं नाव, पत्ता आणि साल असेल तर संशय घ्यावा.

चिंच किंवा पितांबरी लावून घासलं तर चकाचक होईल ना?

होईल, आणि कायमचं बिघडेल. देवघरातल्या समईला चालतं ते इथे चालत नाही. जमिनीत राहून तयार झालेला तपकिरी-हिरवा गुळगुळीत थर हाच बक्कलाचा खरा पृष्ठभाग असतो. चित्राच्या बारीक रेषा त्याच थरात असतात. आम्ल लागलं की थर जातो आणि रेषाही. शिवाय जुन्या पितळातलं जस्त आम्लयुक्त मातीत आधीच झिरपून गेलेलं असतं. गुलाबी तांबूस डाग दिसले तर हेच झालंय: तिथला धातू स्पंजासारखा पोकळ आहे, जोर लावला तर तुटेल. सोन्याचा मुलामा असेल तर तो एका घासणीत उडतो.

करायचं ते असं. शेतातून आणताना कोरडं घासू नका, ओलसर मातीसकट डबीत ठेवा. घरी डिस्टिल्ड पाण्यात बुडवा (बॅटरीसाठी मिळतं ते चालेल, त्यात आम्ल मिसळलेलं नसल्याची खात्री करून). रोज पाणी बदला, तीन-चार दिवस. माती मऊ झाली की लहान मुलाचा मऊ टूथब्रश आणि टोक बोथट केलेली बांबूची काडी. स्टीलची पिन नको. लोखंडी काट्याचा गंज काढायला जाऊ नका, तो काढताना दांडीच तुटते. मग सावलीत पूर्ण वाळवा, दोन दिवस तरी, आणि वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात. खाद्यतेल नको, ते पुढे आंबतं.

इलेक्ट्रोलिसिसच्या व्हिडिओंना भुलू नका. लोखंडाला त्याचा उपयोग आहे. पातळ पितळाची त्यात चाळण होते.

साफ करून ठेवलं आणि महिन्याभराने फिकट हिरवी पूड आली. काय झालं?

मिठातल्या क्लोराइडमुळे आतून चालू राहणारा गंज. इंग्रजी ‘ब्रॉन्झ डिसीज’ हे नाव इथेही चालतं. स्थिर थर गडद आणि कडक असतो, ही पूड फिकट आणि खडूसारखी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खारट जमिनीतून आलेल्या वस्तूंना जास्त होते. पहिलं काम म्हणजे इतर वस्तूंपासून वेगळं ठेवणं, मग घट्ट झाकणाच्या डब्यात ताज्या सिलिका जेलसोबत, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. पावसाळ्यात मुंबईला किंवा रत्नागिरीला आणलेलं बक्कल उघड्या शोकेसमध्ये ठेवलं तर हा रोग फोफावतो. वस्तू महत्त्वाची असेल तर जतन करणाऱ्या जाणकाराकडेच न्या. यावरची काही रसायनं विषारी आहेत.

चामडं अजून चिकटलेलं आहे!

वाळू देऊ नका. वाळलं की आक्रसून चुरा होतं. ओल्या मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही), आणि लगेच संग्रहालयाला फोन.

नोंद ठेवायची गरज आहे का?

आहे. जीपीएसचे आकडे, खोली, तारीख, शेजारी काय निघालं, जमिनीतल्या स्थितीतला एक फोटो बाजूला पट्टी ठेवून. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर क्रमांक. कुठून आलं ते माहीत नसलेलं बक्कल बाजारात शोभेची वस्तू असतं. शेजारच्या बटणांसह आणि जागेसह नोंदलेलं बक्कल गावच्या इतिहास मंडळाला उपयोगाचं असतं. एका पिशवीत दिवसभराचं सगळं ओतून घरी आणणं हा यातला सर्वांत मोठा नाश आहे, कुदळीच्या घावापेक्षाही.

किंमत किती येते?

विजारीच्या आणि साजाच्या बक्कलांना जवळपास काही नाही. दोन्ही भाग शाबूत असलेल्या डिगरांच्या चित्राच्या बक्कलाला चांगली. अर्ध्याला पूर्णाच्या निम्मी नव्हे, त्याहून खूप कमी. कायदेशीररीत्या मिळाल्याचा कागद नसेल तर चांगला लिलाववाला हात लावत नाही.

धोके कोणते?

उघडे शाफ्ट, म्हणजे खाणीचे उभे खड्डे. झुडपात झाकलेले, कडा ढासळणाऱ्या. नजर पडद्यावर ठेवून चालायचं नाही: थांबा, झाडा, मग पाऊल टाका. काठापासून अंतर राखा, आत वाकून बघू नका.

साप: ईस्टर्न ब्राउन आणि टायगर, दोन्ही जहाल. ऑक्टोबर ते एप्रिल जास्त. उंच बूट, पायाला गेटर, आणि खिशात दोन रुंद इलॅस्टिक बँडेज. चावला तर धुवायचं नाही, चिरायचं नाही, दंश झालेला अख्खा हात किंवा पाय दाबून बांधून हालचाल पूर्ण थांबवायची आणि ०००ला फोन.

बेंडिगोसारख्या भागात खडक दळून उरलेल्या वाळूच्या ढिगांत आर्सेनिक असतं. लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका, डबा खाण्याआधी हात साबणाने धुवा. अनेक घळींत मोबाइलला रेंज नसते, म्हणून संकटसूचक बीकन जवळ असावा आणि परतायची वेळ घरी सांगून निघावं.

कोणते महिने चांगले?

मे ते सप्टेंबर. माती ओली असते, कुदळ चालते, साप कमी. तिथल्या उन्हाळ्यात टोटल फायर बॅनच्या, म्हणजे आग पेटवण्यावर पूर्ण बंदी असलेल्या, दिवशी रानात जाऊच नये.

हेच कोलारला किंवा महाराष्ट्रात करता येईल का?

नाही. कोलारला १८८० पासून जॉन टेलर कंपनीने काढलेल्या खाणी खोल आणि कंपनीच्या आवारातल्या होत्या. तिथे तंबूवाल्या डिगरांचे मोकळे पट्टे नव्हते. २००१ मध्ये काम बंद झालं, तरी जमीन हिंडायला मोकळी नाही आणि सायनाइडने धुतलेल्या मातीचे ढीग तिथे आहेत. महाराष्ट्रात गडकोटांवर किंवा संरक्षित स्थळांवर डिटेक्टर घेऊन खोदणं सरळ गुन्हा आहे. इतरत्रही १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागू आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

ऑस्ट्रेलियातून बक्कल घरी आणता येतं का?

आधी तपासा. जुन्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९८६ च्या कायद्याने नियंत्रण आहे आणि काही वर्गांना निर्यात परवाना लागतो. विमानतळावर विचारण्याऐवजी महिनाभर आधी ईमेल करा. उत्तर लेखी असावं. जमीनमालकाचं परवानगीपत्र, फोटो आणि सापडल्याची नोंद सोबत ठेवा. उलट दिशेने, भारतातून ऑस्ट्रेलियात जाताना, चिखल लागलेले बूट, कुदळ किंवा कॉइलचं कव्हर असेल तर कार्डावर जाहीर करा. मातीबाबत तिथली जैवसुरक्षा अतिशय कडक आहे आणि लपवलं तर दंड होतो. सगळ्यात सोपं म्हणजे बूट निघण्यापूर्वी घासून धुवा आणि कुदळ तिथेच विकत घ्या.